जरा बाजूला सरका

माणसाला मेहुणा असावा. तो श्रीमंत असला तरी हरकत नाही, निदान उसने पैसे मागायला आपल्याकडे येत नाही. पण त्याला फोटो काढायचा नाद असू नये. असलाच तर लग्नामुंजीचे काढावेत, फार तर गुलाबाच्या फुलांचे. आमच्या मेहुण्यांना पडक्या इमारतींचे फोटो काढायचा नाद आहे. जगात कुठेही चार खांब उभे आणि छप्पर गायब अशी जागा असली, की हे कॅमेरा घेऊन तिथे हजर.

मेहुणे म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे थोरले बंधू. त्यांना आम्ही दादा म्हणतो. एका मोठ्या कारखान्यात इंजिनियर होते, वेळेआधी निवृत्त झाले आणि तेव्हापासून दरसाल दोन परदेशवाऱ्या करतात. दादांनी पाहिलेल्या देशांची संख्या एकवीस. मी पाहिलेल्या देशांची संख्या एक, आणि त्यातलेही जिल्हे पाच. प्रत्येक वारीनंतरच्या रविवारी ते अंजूरला आमच्या घरी जेवायला येतात आणि जेवण झालं की आपला पेन ड्राइव्ह आमच्या टीव्हीला जोडतात. पुरणपोळी पोटात गेलेली, डोळे आपोआप मिटायला लागलेले, आणि समोर रोमचं कलोसियम! तेही एका बाजूने नाही. पूर्वेकडून, पश्चिमेकडून, सकाळी, संध्याकाळी, पाऊस पडून गेल्यावर. तिसऱ्या तासाला मला वाटू लागतं की हे कलोसियम बांधायलाही इतका वेळ लागला नसेल.

सौ. मात्र टक लावून बघते. "किती सुंदर!" असं भावाला म्हणते आणि मग मान वळवून मला विचारते, "आपण कधी गेलो का कुठे?"

"गेलो होतो की. अष्टविनायक."

"सहाच झाले होते. मग तुमची रजा संपली."

बँकेतल्या कारकुनाची रजा ही गोष्ट तिला वीस वर्षांत समजावता आलेली नाही, तेव्हा तो विषय सोडून देतो.

दादांच्या फोटोंचं वैशिष्ट्य असं, की त्यात माणूस नसतो. चुकूनही नसतो. अथेन्सच्या टेकडीवर पार्थेनॉनचा फोटो घ्यायला ते भल्या पहाटे जाऊन रांगेत पहिले उभे राहिले. तरी पंचाईत झालीच, कारण तिथे दुरुस्तीच्या परांच्या बांधलेल्या होत्या. ती दुरुस्ती गेल्या शतकापासून चालू आहे म्हणे. हे ऐकून मला ग्रीक लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटली. आपल्याकडच्या रस्त्यांचं काम ज्यांना दिलेलं असतं त्यांचेच कुणी पूर्वज असणार. कंबोडियातल्या अंगकोर वाटला पहाटे तळ्याकाठी हजारभर माणसं सूर्य उगवायची वाट बघत उभी असतात. दादांच्या फोटोत त्यातलं एकही नाही. काही वाट पाहून टाळली, काही घरी आल्यावर संगणकावर पुसून टाकली.

कोपऱ्यातल्या खुर्चीत आमची आई बसलेली असते. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, हातात वाती. तिने एकदा विचारलं, "एवढं थोरलं देऊळ, आणि पुजारीसुद्धा नाही?"

"आई, माणसं आली की फोटो बिघडतो," दादा म्हणाले.

"बिघडतो कसा? आपणच तर बांधलंय ना ते? माणसांनी?"

यावर दादांनी एक लहानसं व्याख्यान दिलं. दादांचं लहानसं व्याख्यान पाऊण तासाचं असतं, पण त्यातलं थोडं माझ्या लक्षात राहिलं ते सांगतो. भग्नावशेषांचे फोटो काढण्याचा उद्योग फोटोच्या शोधाइतकाच जुना आहे. जिरो द प्रांजे नावाचा एक फ्रेंच गृहस्थ १८४२ साली पेट्याच्या पेट्या घेऊन निघाला आणि तीन वर्षं ग्रीस, तुर्कस्तान, इजिप्त असं फिरत चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यांवर तिथल्या जुन्या वास्तूंची चित्रं उतरवीत राहिला. तेव्हा एक फोटो घ्यायला भिंग बराच वेळ उघडं ठेवावं लागे. इमारत बिचारी हलत नाही, ती यायची. पुढून चालत गेलेला माणूस यायचाच नाही. फोटोत यायचं तर माणसाला दगडासारखं उभं राहावं लागे. नंतर १८६६ मध्ये जॉन थॉम्सन नावाचा स्कॉटिश फोटोग्राफर अंगकोरला पोचला, जंगल तुडवीत, काचेच्या तावदानांची ओझी घेऊन. हिराम बिंगहॅम १९११ साली पेरू देशात माचू पिचूला गेला आणि १९१३ मध्ये एका अमेरिकन मासिकाने त्याच्या फोटोंना अख्खा अंक वाहिला. खरं म्हणजे तिथे शेतकरी आधीपासून राहत होते. त्यांच्यातलाच एक पोरगा बिंगहॅमला वाट दाखवायला पुढे झाला होता, आणि त्या प्रचंड दगडी भिंतीपुढे तो पोरगा बिंगहॅमच्या फोटोत उभा आहे. जुने लोक असं मुद्दाम करीत. भिंत किती उंच आहे ते नुसत्या भिंतीवरून कळत नाही, शेजारी माणूस लागतो.

"म्हणजे त्यानं पोराला उभं केलंच होतं," आई वात वळता वळता म्हणाली. "आमचे हे तेच सांगायचे."

हे म्हणजे माझे वडील. अण्णा. त्यांच्याबद्दल सांगायचं तर आधी अंजूरबद्दल सांगायला हवं.

अंजूर म्हटलं की लोकांना अंजूरफाटा आठवतो, आणि अंजूरफाटा म्हटलं की तिथे अडकलेले ट्रक. भिवंडीचे माग आणि आजूबाजूची गोदामं यांच्यामधे आमचं गाव. तुम्ही घरबसल्या मागवलेला मिक्सर, चपला, मुलाचं दप्तर यांतलं काही ना काही आमच्या शिवेजवळच्या एखाद्या गोदामात रात्रभर मुक्काम करून पुढे गेलेलं असण्याचा संभव आहे. पण हे सगळं अलीकडचं. त्याआधी अंजूरचं नाव होतं ते गंगाजी नाईकांमुळे. वसई आणि साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, वसई तर १५३४ पासून. तिथल्या रयतेचा जाच पाहून गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ पेशव्यांकडे खेपा घालत राहिले. कुठे खाडीला उतार आहे, कुठे किती शिबंदी आहे, कोण आपल्या बाजूला येईल, ही खडानखडा माहिती त्यांनी पुरवली. १७३७ मध्ये ठाणं पडलं. पुढे दोन वर्षं झुंज चालली आणि मे १७३९ मध्ये सुरुंग लावून तटाला भगदाड पाडल्यावर चिमाजी आप्पांनी वसई घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी देवळांतून नेऊन बांधल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळ मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत.

नाईकांचा वाडा आणि त्यातला सिद्धिविनायक गावात आहे. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे माझ्या भाषेत सांगायचं, तर आमच्या गावाच्या ताळेबंदात स्थिर मालमत्ता थोडी आणि नावलौकिक फार मोठा. आणि नावलौकिकाचा फोटो काढता येत नाही. म्हणून अण्णा दरवर्षी पोरांना घेऊन वसईला जायचे.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. सहावी-सातवीची सहल म्हणजे एक वर्ष वसई, एक वर्ष अंबरनाथ, पुन्हा वसई. पालकांपैकी कुणी "गुरुजी, यंदा महाबळेश्वर करा की," असं म्हटलं, तर अण्णा म्हणायचे, "महाबळेश्वर त्यांना लग्न झाल्यावर बायका दाखवतील." अण्णांजवळ एक क्लिक थ्री कॅमेरा होता. काळा, डबड्यासारखा, आणि त्याला फिरवण्यासारखं असं फारसं काही नव्हतंच. रोलमध्ये फोटो बारा. तेराव्याची सोय परमेश्वराकडेही नव्हती. त्यामुळे सहलीला निघण्यापूर्वी अण्णा बारा फोटोंचं अंदाजपत्रक करीत. बुरूज दोन, चर्चच्या कमानी तीन, दर्या दरवाजा एक, असं. आणि प्रत्येक फोटोत पोरं. नुसता बुरूज कधीच नाही.

"माप कळायला माणूस पाहिजे," अण्णा सांगायचे. "नाहीतर उद्या कुणी म्हणेल, बुरूज काय, आमच्या शेणखताच्या ढिगाएवढा होता."

मी त्याच शाळेत, त्याच वर्गात. मास्तरांचा मुलगा असल्यामुळे मला सगळ्यांत कडेला उभं राहावं लागे, पक्षपात नको म्हणून. दोन फोटोंत मी निम्माच आलो आहे.

अंबरनाथच्या देवळाची गंमत मला पुढे कॉलेजात गेल्यावर कळली. तिथे आम्हाला शिकवलं, की इमारतीवर दरसाल दहा टक्के घसारा धरावा. सरळ रेषेच्या पद्धतीने दहा वर्षांत इमारतीची किंमत शून्य. आता अंबरनाथचं देऊळ शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० च्या आसपासचं. शिलाहारांच्या माम्वाणी राजाच्या काळातला शिलालेख तिथे आहे. म्हणजे १०७० सालीच ते देऊळ हिशेबातून बाद झालं. तेव्हापासून साडेनऊशे वर्षं ते शून्य किमतीवर उभं आहे. शिखर अर्धं, गाभारा पायऱ्या उतरून जमिनीखाली आणि वर उघडं आभाळ. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "घसारा पुस्तकातल्या इमारतीवर धर. आणि तुझ्या कॉलेजच्या इमारतीवर धर, तिला सात वर्षंही पुरेशी आहेत."

फोटो काढायचे त्यांचे दोन नियम होते. एक, हलायचं नाही. दोन, ऊन पाठीशी. सूर्य फोटो काढणाराच्या पाठीमागे हवा, म्हणजे समोरच्यांच्या तोंडावर उजेड पडतो. त्या बिचाऱ्या कॅमेऱ्याला एवढंच झेपत होतं. उन्हाकडे तोंड करून आम्ही वीस-बावीस पोरं डोळे बारीक करून उभी आणि समोर अण्णा, पोटाशी धरल्यासारखा कॅमेरा, डोक्यावर टोपी. कॅमेरा त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातात कधी दिला नाही. मी सातवीत असताना वसईला एकदा धीर करून म्हटलं, "अण्णा, एक मी काढतो. तुम्ही उभे राहा."

"बारांत माझा कशाला घालवतोस?" अण्णा म्हणाले. "मी घरी असतोच की."

ही गोष्ट तिथेच संपली. कुणी तीस वर्षं लक्षात ठेवावी अशी ती गोष्टच नव्हती.

२०१९ च्या पावसाळ्यात अण्णा गेले. तेराव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून शोधाशोध सुरू झाली आणि मग ध्यानात आलं, की आमच्याकडे अण्णांचा फोटो नाही. तुम्ही म्हणाल, असं कसं होईल? मलाही तसंच वाटलं होतं. ट्रंक उपसली. सहलींचे फोटो निघाले शे-दीडशे. वसईचा एकेक दगड निघाला. अण्णा नव्हते. लग्नातला एक होता, त्यात मुंडावळ्यांनी अर्धा चेहरा गेलेला आणि उरलेला वाळवीने नेलेला. आमच्या लग्नात म्हणे ते जेवणावळीकडे बघत होते. मतदार ओळखपत्र होतं. पण त्यावरच्या फोटोवरून माणूस ओळखता येतो असं समजणं म्हणजे लोकशाहीवर फारच श्रद्धा झाली. दादांनी तो बघून "हा कुठल्या काळातला?" असं विचारलं, ते अगदी प्रामाणिकपणे. मोबाईल माझ्याकडे होता, नाही असं नाही. त्यात नातवंडं होती, मांजर होतं, एका उंधियूच्या पातेल्याचे चार फोटो होते. एकात अण्णांचा हात आला होता, पेपर धरलेला.

राहिलं पेन्शनचं पासबुक. त्यावर एक चांगला, स्वच्छ पासपोर्ट साईजचा फोटो होता. आणि त्या फोटोवर शिक्का.

नियम असा आहे, की शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर पडला पाहिजे, म्हणजे फोटो बदलून लबाडी करता येत नाही. बरेच कारकून शिक्का कसातरी टेकवतात. मी तसा नाही. माझा शिक्का ठसठशीत उठतो, अक्षर न् अक्षर वाचता येतं, त्याबद्दल दोन मॅनेजरांनी माझी पाठ थोपटलेली आहे. अण्णांचं पासबुक त्यांनी कौतुकाने माझ्याच काऊंटरवर आणून दिलं होतं. मी शिक्का शाईत दोनदा दाबला आणि हाणला. डाव्या गालावरून कपाळापर्यंत जांभळी कोर. तेव्हा अण्णा म्हणाले होते, "अरे, जरा हळू."

ज्या स्टुडिओत तो फोटो काढला होता तो बंद होऊन तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान झालं होतं. मी पासबुक घेऊन भिवंडीत दुसऱ्या एका स्टुडिओत गेलो. तिथला मुलगा म्हणाला, "काका, काळजी करू नका. शिक्का उडवतो, एकदम नवीन करून देतो." दुसऱ्या दिवशी चौकट तयार. शिक्का खरोखरच उडाला होता. त्याबरोबर डावा कान थोडा उडाला होता, गालावरच्या सुरकुत्या सगळ्या उडाल्या होत्या, पाठीमागे निळं आभाळ आलं होतं, आणि अण्णांनी कोट घातला होता. टायसकट.

आई चौकटीसमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "हे कोण?"

"अण्णा."

"यांना टाय कुणी घातला?"

मी काय सांगणार? जन्मभर पांढरा सदरा नि लेंगा घातलेला माणूस. तेरावा पार पडेपर्यंत तो टायवाला गृहस्थ भिंतीवर राहिला. येणारे-जाणारे हात जोडायचे आणि जरा बिचकून बघायचे. अण्णांचे एक जुने विद्यार्थी, आता त्यांची स्वतःची दोन गोदामं आहेत, फोटोला हार घालून माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गुरुजींचे भाऊ का?"

चौदाव्या दिवशी आईनेच तो उतरवला. ट्रंकेतल्या फोटोंचा गठ्ठा मांडीवर घेऊन ती दुपारभर बसली आणि संध्याकाळी एक फोटो माझ्यापुढे धरला. वसईच्या पडक्या चर्चच्या कमानी, त्याखाली उन्हाने डोळे बारीक केलेली पोरं, कडेला निम्मा मी.

"यात कुठे अण्णा?" मी म्हटलं.

तिने खाली बोट ठेवलं. फोटोच्या खालच्या काठापासून एक सावली निघाली होती. लांबट, डोक्यावर टोपी, दोन्ही कोपरं बाहेर आलेली, मधे कॅमेरा. ती गवतावरून सरळ पुढे जाऊन पहिल्या ओळीतल्या पोरांच्या पायांपाशी टेकली होती. मी गठ्ठा ओढून घेतला. दुसऱ्यातही होती. बुरुजापुढे, दर्या दरवाजाशी, अंबरनाथच्या पायऱ्यांवर मोडून पडलेली. ऊन पाठीशी घेतल्यावर दुसरं काय होणार! पंचवीस वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आम्ही फोटोत फक्त आपापलं तोंड शोधत होतो.

तोच फोटो मोठा करून आईने भिंतीवर लावला. नवीन माणूस आला की विचारतो, यातले तुमचे यजमान कोणते? आई दाखवते. बघणारे गप्प होतात, मग म्हणतात, "टोपी अगदी त्यांचीच."

मूळ गोष्ट दादांची चालली होती. गेल्या हिवाळ्यात त्यांचा गुडघा दुखावला, डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला, आणि अडला हरी म्हणतात तसे ते एका रविवारी म्हणाले, "वसईचा किल्ला तसा वाईट नाही, नाही का?" म्हणजे रोम, अथेन्स, अंगकोर झाल्यावर आमच्या वसईचा बाविसावा नंबर लागला! आई ताडकन् उठली. "मी येते," म्हणाली.

भिवंडी रोडवरून दिवा-वसई गाडी धरली. तिला गाड्या मोजक्या, तेव्हा धरली म्हणजे खरोखरच धावत जाऊन धरली. खारबाव, कामण, जूचंद्र करीत वसई रोड, आणि पुढे रिक्षा. दादांच्या पाठीवर दोन कॅमेरे, हातात तिपाई. किल्ल्यात शिरताच रखवालदाराने सांगितलं की तिपाई लावायला वेगळी परवानगी लागते. दादांनी आपण कंबोडियात काय केलं ते त्याला सांगायला सुरुवात केली. तो शांतपणे म्हणाला, "तिकडं लावा." शेवटी तिपाई मी काखेत धरली आणि दिवसभर तशीच बाळगली. परदेशवारीतलं हमालाचं काम मला वसईतच करायला मिळालं.

चर्चच्या कमानी दिसल्या आणि दादा एकदम गप्प झाले. खरं सांगतो, त्यांचा चेहरा कलोसियमबद्दल बोलतानाही असा झालेला मी पाहिला नव्हता. छप्पर नाही, भिंतींवर पिंपळ, जमिनीत पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्यांच्या फरशा, आणि कमानीमागे कमान. "हे इतक्या जवळ होतं?" ते म्हणाले. मी काही बोललो नाही. साधारण गंगाजी नाईकांच्या गादीवर बसल्यासारखा मी उभा राहिलो.

मग नेहमीचं सुरू झालं. माणसं जायची वाट बघणं. एका कमानीखाली लग्न ठरलेलं एक जोडपं फोटो काढून घेत होतं. मुलीच्या झग्याचा घोळ दोन पोरांनी धरलेला आणि तिसरा धुराचा डबा हलवून धुकं करीत होता. धुकं आमच्याकडे येत होतं. एक तास गेला. जोडपं दुसऱ्या कमानीखाली सरकलं, धूर निवळला, दादांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मधोमध एका पडक्या दगडावर आई जाऊन बसली होती.

"आई, जरा बाजूला सरका."

"मी इथेच बसणार."

"फक्त दोन मिनिटं."

"इथंच पोरं उभी केली होती यांनी. हीच कमान. बघा, तो वरचा दगड असाच सुटलेला आहे फोटोत." आणि तिने पिशवीतून डबा काढला.

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी तिपाईकडे बघितलं. पंधरा मिनिटं दादा उन्हात उभे होते आणि आई सावकाश मेथीचा ठेपला खात होती. अंगकोरच्या हजार माणसांना पुसून टाकणारा माणूस, पण बहिणीच्या सासूला कसा पुसणार? शेवटी दादांनी हार मानली आणि आईसकट फोटो काढला. काढून झाल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "कमान केवढी आहे हो! मला मघाशी कळलंच नव्हतं."

"माप कळायला माणूस पाहिजे," आई म्हणाली. "तुम्ही पण या इकडं."

"मी? फोटोत?"

तेव्हा उलगडा झाला, की एकवीस देशांत दादांचा एकही फोटो नाही. वहिनी आहेत का, तर त्याही नाहीत. त्या बाजूला सरकलेल्या होत्या. सौ. ने भावाचा हात धरून ओढला. प्रश्न आला कॅमेरा धरणार कोण. धुराच्या डब्यावाल्या पोराला बोलावलं. दीड लाखाचा कॅमेरा त्याच्या हातात देताना दादांचा चेहरा मुलगी सासरी धाडताना होतो तसा झाला. मग आईच्या मागे आम्ही तिघं. दादांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. आधी पाठीशी बांधले, मग छातीशी, मग खिशात.

"अंकल, जरा सरका, तुम्ही अर्धेच येताय," तो पोरगा मला म्हणाला. सवय, दुसरं काय.

त्याने अकरा फोटो काढले. चारांत त्याचं बोट होतं, एकात नुसतं आभाळ, एकात दादांनी डोळे मिटलेले. पण एक चांगला आला. चौघेही आहोत, कमान पुरती आहे, उन्हाने सगळ्यांचे डोळे बारीक झाले आहेत. आणि खालच्या काठावरून त्या पोराची सावली आमच्या पायांपर्यंत आलेली. एका हातात अजून धुराचा डबा.

दादांनी घरी जाऊन फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, की सावली पुसून लगेच दुसरा पाठवतो. आईने मला फोन लावायला लावला आणि त्यांना ठणकावून सांगितलं, की काही पुसायचं नाही.

आता तो कागदावर छापून हवा आहे. आईला मोबाईलवरचा फोटो हा फोटो वाटत नाही. काल बँकेतून येताना भिवंडीत त्याच स्टुडिओत देऊन आलो. मुलगा म्हणाला, "काका, काळजी करू नका, एकदम नवीन करून देतो." त्याला दोनदा बजावलं आहे, आणि पावतीच्या मागे लिहून घेऊन खाली सहीही करून घेतली आहे : सावली जशीच्या तशी, आणि कुणालाही टाय घालायचा नाही.